फोसुआच्या स्मरणार्थ

अडोमाको मोटारसायकलवरून उतरला तोच चेहरा पाडून. त्यानं हेल्मेट काखेत धरलं, आवाज खाली आणला आणि म्हणाला, "आंटी, कमाल आहे तुमची. आठ महिने येतोय मी या गावात, एका शब्दानं बोलला नाहीत. तुमची आई गेली हे मला ऑफिसच्या पत्रातून कळावं?"

ताचिवाच्या हातातला सोटा तसाच थांबला. समोर कोकोच्या पिवळ्याधमक फळांचा ढीग होता आणि ढिगाभोवती सतरा बायका बसल्या होत्या. आज हिच्या शेतातली फळं फोडायची, परवा तिच्या, अशी त्या गावची रीत. आणि ढिगाच्या पलीकडे, उलट्या टोपलीवर बसून, ताचिवाची गेलेली आई ओरडत होती:

"आफ्रिये, अगं फळ फोडायचंय, नवऱ्याचं डोकं नाही! हळू मार. बी चिरली की आत बुरशी धरते, किती वेळा सांगायचं?"

"आजी, नवऱ्याचं डोकं यापेक्षा टणक आहे," आफ्रिये म्हणाली आणि सगळ्या बायका खिदळल्या.

अडोमाकोनं तिकडे कौतुकानं पाहिलं. "ही काट्याची आजी म्हणजे ना! हिच्यासारखी तब्येत सगळ्यांना मिळो." मग पुन्हा चेहरा पाडून म्हणाला, "देव तुमच्या आईला शांती देवो."

त्या बिचाऱ्याचा दोष नव्हता. सहकारी संस्थेनं त्याला या भागात नेमून वर्षही झालं नव्हतं. म्हातारीला अख्खं गाव वजनकाट्यावरून काट्याची आजी म्हणायचं, तिचं नाव फोसुआ आहे हे त्याला कळणार कुठून? ताचिवा तिला आई म्हणते हे त्यानं ऐकलं असेल, पण आसुतेम गावात आईच्या बहिणींनाही आईच म्हणतात आणि जरा जाडजूड, वयस्कर बाई दिसली की तिलाही आईच म्हणतात. तिथे एकेकाला पाच-सहा आया असतात.

"काय लिहिलंय पत्रात?" ताचिवानं विचारलं.

"येत्या गुरुवारी पाहुणे येतायत इंग्लंडहून. त्या डोरीनबाई आणि त्यांच्या चर्चमधले चौघं. वरच्या आळीच्या पंपाला पाटी लावायची आहे ना? पाटी तिकडूनच कोरून आणतायत." त्यानं खिशातून कागद काढला आणि वाचला, "'आसुतेमच्या फोसुआच्या स्मरणार्थ.' फार चांगली माणसं आहेत हो. काळजी करू नका, मी त्यांना आपल्याकडची सगळी रीत कळवलीय."

तो गेला. ताचिवानं पुढचं फळ उचललं आणि इतक्या जोरात मारलं की अर्ध्या बिया चिरल्या.

"हिला बघा!" आई पलीकडून ओरडली. "वजन करणारी झाली आणि फळ फोडायचं विसरली!"

ही सगळी करणी ताचिवाचीच होती, आणि ती कशी घडली ते सांगायला हवं.

संस्था दर वर्षी मार्चमध्ये एका शेतकऱ्याला इंग्लंडला पाठवते. शेतकऱ्याला रास्त भाव देऊन घेतलेला माल विकणारी दुकानं, शाळा, चर्चं असतात, तिथे जाऊन आपलं काम कसं चालतं ते सांगायचं. कोण जाणार हे सभेत हात वर करून ठरतं. यंदा आसुतेमची पाळी होती आणि एकाहत्तर हात ताचिवासाठी वर झाले. का होणार नाहीत? आठवीपर्यंत शिकलेली, इंग्रजी येणारी, आणि संस्थेच्या गावातल्या सोसायटीची निवडून दिलेली वजन करणारी. काट्याच्या खोलीची किल्ली तिच्या गळ्यात असायची. गावानं किल्ली गळ्यात घातली म्हणजे विश्वास गळ्यात घातला, एवढं तिला कळत होतं.

लीड्सजवळच्या एका गावात चर्चचा हॉल होता. तीसेक म्हातारी माणसं कोट न काढता बसली होती. ताचिवानं ऑफिसनं शिकवलेलं सगळं सांगितलं. आमचा कोको आम्हीच मोजतो. आमची माणसं आम्ही निवडतो. भावाच्या वर जी जादा रक्कम येते तिचं काय करायचं ते सभा ठरवते, कधी शाळेचं छप्पर, कधी पंप. मागच्या ओळीत एक गृहस्थ झोपले होते. एक बाई पर्समध्ये काहीतरी शोधत होती, आणि कार्यक्रम संपेपर्यंत ते तिला सापडणार नव्हतं. तेवढ्यात पहिल्या ओळीतल्या एका बारीकशा बाईनं प्रेमानं विचारलं, "आणि तुझी आई? तीसुद्धा शेती करते का?" त्या डोरीन.

उत्तर सोपं होतं. आई शेती करते, सगळ्या गावावर ओरडते, आणि आमची सोसायटी आहे ती तिच्यामुळेच आहे. पण ताचिवाच्या तोंडून निघालं, "माझी आई वारली."

हॉल जागा झाला.

खोटं एकदा घरात घेतलं की त्याला जेवायला घालावं लागतं. कशानं वारली? घाण पाण्यानं. पाणी कुठून आणायची? लांबच्या ओढ्यावरून, डोक्यावर घमेलं घेऊन. दवाखाना? फार लांब, वाटेतच गेली. ओढा होता, तो लांबही होता, त्या पाण्यानं माणसं आजारीही पडायची. फक्त त्यात तिची आई मेली नव्हती. डोरीनबाई रुमालानं डोळे टिपत होत्या. मागचे गृहस्थ जागे होऊन ताठ बसले होते. आणि खरं सांगायचं तर ताचिवाला ते आवडलं. पुढच्या चार हॉलमध्ये तिनं आईला पुन्हा चारदा मारलं, आणि दर खेपेला थोडं जास्त चांगलं.

परत आल्यावर ती हे विसरून गेली असती. पण डोरीनबाई विसरल्या नाहीत. त्यांच्या चर्चनं केक विकले, मोजे विणले आणि पंपासाठी पैसे पाठवले. सभेनं त्यात जादा रकमेतली भर घातली आणि वरच्या आळीचा पंप दोन वर्षं आधीच उभा राहिला. गावात सगळ्यांना एवढंच माहीत होतं की कुणी इंग्रज बायांनी मदत केली. ताचिवानं तेवढंच सांगितलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिला वाटलं होतं.

आता त्या आईबद्दल.

ताचिवा तेरा वर्षांची असताना गावात कोको घ्यायला एका व्यापाऱ्याचा कारकून यायचा. काटा त्याचा, पेन्सिल त्याची, आणि काटा हलका दाखवतो हे सगळ्यांना माहीत. पण म्हणणार कोण? म्हटलं तर तो म्हणायचा, "सिद्ध कर." एका सकाळी फोसुआ पायाच्या दुखण्यासाठी दवाखान्यात गेली. तिथे नर्सनं तिला वजनकाट्यावर उभं केलं आणि कागदावर लिहून दिलं, एक्क्याऐंशी किलो. दुपारी फोसुआ तो कागद घेऊन सरळ बाजारात गेली, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं आणि पोत्याच्या जागी स्वतः कारकुनाच्या काट्यावर चढली.

काटा म्हणाला, त्र्याहत्तर.

"सकाळपासून मी आठ किलो उतरले," ती गर्दीला म्हणाली. "दोनदा जेवून! बायांनो, ज्यांना बारीक व्हायचंय त्यांनी या साहेबांच्या काट्यावर या."

बाजार हसून हसून लोळला. तिच्या सुजलेल्या पोटऱ्या सगळ्यांनी पाहिल्या, कारकुनानं 'दीड पोतं' म्हणून शिवी दिली तीसुद्धा सगळ्यांनी ऐकली. पण पुढच्या आठवड्यात चाळीस घरं एकत्र आली, सहकारी संस्थेत नाव घातलं आणि गावाचा स्वतःचा काटा आला. तेव्हापासून हंगामाच्या पहिल्या दिवशी फोसुआ दवाखान्याचा कागद घेऊन काट्यावर चढते. आकडा जुळला तरच पहिलं पोतं चढतं. पाहुण्यांना सांगायला याहून चांगली गोष्ट असती कुठली?

पण बाजारातल्या त्या प्रकारानंतर शाळेत पोरींनी ताचिवाला 'पोत्याची पोर' म्हणून चिडवलं होतं. वर्षभर चिडवलं. लीड्सच्या हॉलमध्ये डोरीनबाईंनी आईबद्दल विचारलं तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर आल्या त्या उघड्या पोटऱ्या. आणि असंही वाटलं, की या लोकांना वाळलेली, खंगलेली आई हवी असणार. काट्यावर चढून विनोद करणारी एक्क्याऐंशी किलोची आई कुठे बसवायची?

बुधवारी सकाळी ताचिवानं आईला तेचिमानला धाकट्या मावशीकडे पाठवायचं ठरवलं.

"तिचा गुडघा धरलाय. तुझ्या हातचा लेप पाहिजे म्हणते."

"उद्या तर पंपाचं उद्घाटन आहे. शुक्रवारी जाईन."

"आई, ती रडत होती फोनवर."

"माझी बहीण? रडत?" म्हातारीनं लेकीकडे जरा वेळ पाहिलं. मग काही न बोलता केळ्यांचा एक फणा गाठोड्यात बांधला. गाडीत चढल्यावर खिडकीतून म्हणाली, "मी येईपर्यंत पंपाचं पाणी संपवू नका म्हणजे झालं. आणि तू जेव जरा. चेहरा उतरलाय तुझा."

गाडी धूळ उडवत गेली. सुटले, असं ताचिवाला वाटलं, आणि त्याच क्षणी स्वतःची किळस आली. आईला घरातून घालवून तिच्या नावाची पाटी लावायची. पण किळस आली म्हणून काही तिनं गाडी थांबवली नाही, हेही लिहून ठेवायला हवं.

गुरुवारी शेतावर कुणी जात नाही, त्या दिवशी जमिनीला विश्रांती. त्यामुळे गाव झाडून हजर होतं. शुभकार्य म्हणून बायकांनी पांढरे, निळे कपडे घातले होते. पंपाजवळ मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, दोन ढोल. गाडी आली आणि पाहुणे उतरले, पाचही जण नखशिखांत काळ्या आणि लाल कपड्यांत.

मांडवात कुजबुज सुरू झाली. काळं-लाल म्हणजे दुखवट्याचे कपडे.

"कोण गेलं गं?" आफ्रियेनं विचारलं.

"त्यांच्यातलंच कुणीतरी असेल. पण मग उद्घाटनाला कशाला आले?"

"मीच सांगितलं होतं त्यांना," अडोमाको ताचिवाच्या कानाशी अभिमानानं म्हणाला. "वाटेत कुमासी शहरात थांबून शिवून घेतले कपडे."

दुभाषी अर्थात ताचिवाच. गावातले वडीलधारे ओपानिन बोआहेन यांनी पूर्वजांना मद्य वाहिलं, आणि मग डोरीनबाई बोलायला उभ्या राहिल्या. मुळातच बारीक बाई, मार्चपेक्षाही वाळली होती.

"आज आपण एका आईच्या आठवणीसाठी जमलो आहोत," त्या म्हणाल्या.

"त्या म्हणतात, आया असतात म्हणून जग चालतं," ताचिवानं सांगितलं. टाळ्या.

"तिच्यासारखा मृत्यू यापुढे इथे कुणालाही येऊ नये."

"त्या म्हणतात, या पाण्यानं सगळ्यांना आयुष्य मिळो." पुन्हा टाळ्या.

डोरीनबाईंना त्या टाळ्यांचं जरा नवल वाटलं, पण त्या हसल्या. ताचिवाला वाटलं, निभावतंय. पाटीवरचा एवढा पडदा ओढला की झालं, मग जेवणं, मग गाडी. डोरीनबाईंनी पडदा ओढला. पण शाळेतल्या मास्तर ओपोंगना ती विसरली होती. मास्तरांसमोर इंग्रजी अक्षर आलं आणि त्यांनी ते मोठ्यानं वाचून लोकांना समजावलं नाही असं आजवर झालेलं नाही, मग ते औषधाच्या बाटलीवरचं का असेना. ते चष्मा लावून पुढे झाले, आधी इंग्रजीत वाचलं, मग आपल्या भाषेत:

"आसुतेमच्या फोसुआच्या स्मरणार्थ. तिच्या आत्म्याला शांती लाभो."

ढोल बंद पडले. म्हाताऱ्या बायकांनी डोक्यावरून हात फिरवून चुटक्या वाजवल्या, जिवंत माणसाच्या मरणाचं नाव निघालं की वाजवतात तशा.

"कुठली फोसुआ?"

"एकच तर आहे गावात."

"अगंबाई!"

आणि गर्दीच्या मागून खणखणीत आवाज आला, "कोण घेतंय माझं नाव? आले मी, आले. वाट सोडा जरा."

डोक्यावर गाठोडं, पायांवर प्रवासाची धूळ. म्हातारी वाटेतल्या गोआसोपर्यंत गेली होती. तिथे एका प्रवाशाच्या फोनवरून बहिणीला विचारलं, "गुडघा कसा आहे?" बहीण म्हणाली, "माझ्या गुडघ्याला काय धाड भरलीय?" मग रात्र ओळखीच्या बाईकडे काढून सकाळची पहिली गाडी तिनं पकडली होती. कुणीतरी तिच्या कानाला लागलं. मास्तरांनी पुन्हा एकदा, या वेळी पुटपुटत, पाटी वाचली. म्हातारीनं गाठोडं खाली ठेवलं.

धरणीमाय पोटात घे, असं लोक नुसतं म्हणतात. ताचिवानं त्या दिवशी मनापासून मागितलं.

"या कोण?" डोरीनबाईंनी हळूच विचारलं.

अजूनही वेळ होती. एक वाक्य बोलायचं होतं. ताचिवा म्हणाली, "ही माझ्या आईची मोठी बहीण. आमच्यात तिलाही आईच म्हणतात."

डोरीनबाई पुढे झाल्या आणि त्यांनी म्हातारीचे दोन्ही हात हातात घेतले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "माझी आई या जानेवारीत गेली," त्या म्हणाल्या. "मी तिच्यापाशी नव्हते. तुमच्या बहिणीबद्दल ऐकलं तेव्हापासून मला एकच विचारायचं होतं. शेवटी तिला फार त्रास झाला का?"

"काय म्हणते?" आईनं विचारलं.

"भेटून आनंद झाला म्हणते."

"एवढं रडून?" म्हातारी लेकीकडे बघत होती. "मी जाडी आहे, ताचिवा. बहिरी नाही. नीट सांग."

सगळं गाव ऐकत होतं. पाहुण्यांसमोर आपल्या माणसाला उघडं पाडू नये, म्हणून कुणी तोंड उघडत नव्हतं. अडोमाको स्वतःचे बूट बघत होता.

"ती विचारते," ताचिवा म्हणाली, "फोसुआला शेवटी फार त्रास झाला का."

म्हातारीनं त्या काळ्या-लाल कपड्यांतल्या बाईकडे पाहिलं. मग स्वतःच्या पदरानं तिचे गाल पुसले.

"सांग तिला, नाही झाला. काही कळलंच नाही बिचारीला. आत्ता गाडीतून उतरली तेव्हा कळलं."

आफ्रियेनं तोंडावर हात दाबला. कुणाला तरी खोकला आला.

"बोल की," आई म्हणाली. "दुभाषी ना तू?"

मग ताचिवा बोलली. इंग्रजीत बोलली आणि तिला स्वतःचा आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. "मॅडम, ही माझी मावशी नाही. हीच फोसुआ. माझी आई. ती मेलेली नाही, कधीच मेली नव्हती. मी खोटं बोलले. तुमच्या हॉलमध्ये बोलले, नंतर चार ठिकाणी बोलले, आणि आत्ताही बोलले."

पाहुण्यांतल्या एकानं चित्रण करायला धरलेला फोन खाली घेतला. डोरीनबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "मी रोज दोन मेणबत्त्या लावते. एक माझ्या आईसाठी, एक तुझ्या." मग त्यांनी आपल्या नव्या कपड्यांकडे पाहिलं आणि एका खुर्चीवर बसल्या. ताचिवानं गळ्यातली किल्ली काढून ओपानिन बोआहेनपुढे धरली. म्हातारबांनी ती घेतली नाही आणि परत घाल असंही म्हटलं नाही. "हात वर करून दिली होती," ते म्हणाले. "ठेवायची की घ्यायची ते सभेत बघू."

डोरीनबाईंनी खुर्चीवरूनच विचारलं, "मग खरं काय आहे?"

ताचिवानं काट्याची गोष्ट सांगितली. अडखळत सांगितली, पण सगळी सांगितली, दवाखान्याचा कागद, खोचलेलं लुगडं, आठ किलो. पाहुण्यांपैकी दोघं हसले. डोरीनबाई हसल्या नाहीत, त्या म्हातारीकडे बघत राहिल्या. मग ताचिवाकडे वळून त्यांनी एक प्रश्न विचारला. ताचिवानं मान खाली घातली. तिनं उत्तरही दिलं नाही आणि आईला तो प्रश्न सांगितलाही नाही.

अडोमाको पान्हा घेऊन पाटी काढायला निघाला, तेव्हा म्हातारीनं त्याला अडवलं.

"राहू दे रे. एवढ्या लांबून आणलीय बाईनं. आज ना उद्या खरी होईलच."

आता मात्र मांडव फुटला. सगळे हसले, आफ्रिये तर जमिनीवर बसून हसली. कुणीतरी ते पाहुण्यांना सांगितलं, तेव्हा डोरीनबाईंच्याही ओठांवर काहीतरी हललं. त्या उठल्या, पंपाचा दांडा धरला, दुसऱ्या बाजूनं फोसुआनं धरला आणि पाणी आलं. बायका बादल्या घेऊन धावल्या. ढोल पुन्हा सुरू झाले. ताचिवाही हसत होती. संपलं, असं तिला वाटलं. आईनं हसण्यावारी नेलं.

पाहुणे जेवून गेल्यावर मायलेकी घराकडे निघाल्या. ऊन अजून होतं. रस्त्याच्या कडेनं चटयांवर कोको वाळत पसरला होता. ताचिवानं गाठोडं मागितलं, आईनं दिलं नाही.

"ती बाई शेवटी काय म्हणाली तुला?" आईनं विचारलं. "गोष्ट सांगून झाल्यावर. तेवढं मला सांगितलं नाहीस तू."

ताचिवा म्हणाली, "तिनं विचारलं, ही एवढी चांगली गोष्ट होती तर तेव्हाच का नाही सांगितलीस?"

"मग तू काय उत्तर दिलंस?"

"काही नाही."

"बरं. मला दे."

काहीतरी दुसरं सांगता आलं असतं. लोक झोपले होते, वेळ कमी होता, इंग्रजी सुचलं नाही. सगळी उत्तरं तिच्या जिभेवर हजर होती. पण त्या दिवसापुरतं खोटं बोलायचं तिचं बळ संपलं होतं.

"मला लाज वाटली, आई," ती म्हणाली. "तुझी."

म्हातारी चालत राहिली. थांबली नाही, ओरडली नाही, विनोदही केला नाही. चटया ओलांडून त्या घराच्या वळणापर्यंत आल्या तेव्हा ती म्हणाली, "त्या काट्यावर चढताना मलाही लाज वाटली होती. पण ती मला माझी वाटली होती." मग तिनं गाठोडं दुसऱ्या हातात घेतलं. "तुझी मला आजपर्यंत कधी वाटली नव्हती."

ती आत गेली. ताचिवा दाराबाहेर उभी राहिली आणि आत जायला तिचं पाऊल उचलेना.